पाण्याचा मुक्काम : बाळकुमच्या काठावरून जलचक्राचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा बोललेलीच ठेवली आहे.)



शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातलं जलचक्राचं चित्र आठवा. एका बाजूला समुद्र, वर सूर्य, समुद्रातून वर जाणारे बाण. मग ढग, ढग डोंगराला टेकलेला, खाली तिरक्या रेषांचा पाऊस, आणि डोंगरातून निघालेली नदी वळणं घेत परत समुद्रात. बाष्पीभवन, सांद्रीभवन, वृष्टी. आकृती काढा, नावे द्या. हमखास येणारा प्रश्न.

ते चित्र चुकीचं नाही. पण त्यात दोन गोष्टी नसतात. माणूस नसतो आणि घड्याळ नसतं. पाणी फिरतं हे कळतं. कुठे किती वेळ थांबतं ते कळत नाही. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचाराल, तर मला त्या थांबण्यातच रस आहे. कारण पाणी फिरवण्याचं काम सूर्य करतो, तिथे आपलं काही चालत नाही. ते कुठे थांबेल, कोणाकडे मुक्काम करेल, हे मात्र माणसांनी ठरवलेलं आहे. त्यासाठी बांध घातले, खणलं, भांडणं केली, कायदे केले.

ह्यासाठी लांब कुठे जायला नको. बाळकुम नाक्यावर उभे राहा. तोंड भिवंडीकडे केलंत तर समोर कशेळीचा पूल आणि खाली उल्हास, खाडी झालेली. पाठीमागे येऊरचे डोंगर. डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी आहे, माजिवडे, ढोकाळी, बाळकुम, कोलशेत, तिच्यावरून येऊरचं पाणी नाल्यांनी खाडीत जातं. साकेत-बाळकुमच्या बाजूने मुंबईच्या जाडजूड जलवाहिन्या खाडी ओलांडून येतात. आणि शेजारच्या चौकाचं नाव काय? कापूरबावडी. बावडी म्हणजे विहीर. आज तिथे उड्डाणपूल आहे. विहिरीचं नाव उरलं, आणि त्या नावाखाली दुसरंच पाणी वाहतं, ते पुढे सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ. पाऊस मोजायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर रुंद तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे. का, तर शेतसारा. कुठे किती पेरायचं आणि किती वसूल होईल याचा अंदाज. मग प्रदेशवार आकडे येतात, द्रोण या मापात. कोरड्या जांगल प्रदेशाला सोळा, अवंतीला तेवीस, आपल्या गोदावरीकाठच्या अश्मकाला त्याहून कमी. आणि अपरांताला? अपरांत म्हणजे कोकण, म्हणजे आपण. तिथे ग्रंथकाराने आकडा दिलेलाच नाही. अपरांतातला पाऊस अमाप, म्हणून सोडून दिलं. (हशा) मला ही जागा फार आवडते. मापाचा एवढा कडक माणूस, पण कोकणापुढे त्याने कुंड खाली ठेवलं.

पण मोजणं वेगळं आणि चक्र कळणं वेगळं. सूर्य पाणी वर ओढतो आणि पावसाने परत देतो, ही अर्धी बाजू आपल्याकडे सगळ्यांना माहीत होती. रघुवंशात दिलीप राजाच्या करवसुलीचं कौतुक करताना कालिदास हीच उपमा वापरतो, घेतलेलं अनेक पटींनी परत देणारा सूर्य. दुसरी अर्धी बाजू अवघड होती. विहिरीला, झऱ्याला, उन्हाळ्यात वाहणाऱ्या नदीला पाणी येतं कुठून? पाऊस तर चार महिन्यांपूर्वी थांबला.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचं प्रकरण आहे, भूजल शोधण्यावर. त्यात जमिनीखालच्या पाण्याच्या शिरा आहेत, झाडं आणि वारुळं पाहून पाणी किती खोल आहे ते ओळखायच्या खुणा आहेत. सगळ्या खुणा खऱ्या ठरतील असं मी म्हणणार नाही. पण सुरुवातीलाच तो म्हणतो की आकाशातून पडणारं पाणी एकाच चवीचं, एकाच रंगाचं असतं. पुढे ते वेगवेगळं होतं ते जमिनीमुळे. म्हणजे विहिरीतलं पाणी हे पावसाचंच, हे त्याला मान्य आहे. युरोपात त्यानंतर हजार वर्षांनी सुद्धा मोठमोठे विद्वान उलटं सांगत होते. समुद्राचं पाणी जमिनीखालच्या पोकळ्यांतून डोंगरात चढतं, वाटेत मीठ गळून जातं, आणि झऱ्यातून बाहेर पडतं! किर्खर नावाच्या जेझुइट पंडिताने १६६५ मध्ये त्याची सुंदर चित्रं छापली.

हा वाद मिटवला तो हिशेबाने, आणि हिशेब करणारा होता एक बुडालेला कर-अधिकारी. पिएर पेरो. त्याचा धाकटा भाऊ शार्ल पेरो, सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा. पिएरकडे पॅरिसच्या करवसुलीचं मोठं पद होतं, कर्जात बुडाला, पद गेलं. मग त्याने सेन नदीच्या वरच्या टोकाचा एक तुकडा घेतला, त्या पाणलोटाचं क्षेत्रफळ काढलं, तीन वर्षांच्या पावसाची सरासरी धरली, आणि नदीतून वर्षाला किती पाणी जातं त्याच्याशी ताळा केला. पाऊस नदीच्या सहापट निघाला. १६७४ मध्ये पुस्तक आलं, त्यावर त्याचं नावही नव्हतं. म्हणजे नदी चालवायला पाऊस पुरतो, पुरून उरतो. पाताळातल्या पोकळ्यांची गरज नाही. उरलेले पाच भाग? काही झाडं आणि ऊन घेऊन जातात, काही जमिनीत मुरतं.

मग हॅले, धूमकेतूवाला. त्याने भांड्यात खारं पाणी घेऊन, ते उन्हाळ्याच्या हवेइतकं गरम ठेवून किती वजन कमी होतं ते पाहिलं, आणि तो हिशेब भूमध्य समुद्राला लावला. नद्या जेवढं आणतात त्याच्या जवळजवळ तिप्पट पाणी वाफ होऊन उडतं असं त्याचं उत्तर आलं. समुद्र भरत का नाही, याचं उत्तर मिळालं. हे १६८७ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने मोसमी वाऱ्यांवर निबंध लिहिला होता. दोन्ही निबंध शेजारी ठेवले तर आपला मान्सून जवळपास तयार होतो.

आता आकडे. थोडेच देतो, पण लक्षात ठेवा.

समुद्रातला पाण्याचा एक थेंब सरासरी सुमारे ३००० वर्षं समुद्रातच राहतो. नदीत आला की दोन-तीन आठवडे. भूजलात गेला तर काही महिन्यांपासून हजारो वर्षांपर्यंत. आणि हवेत? नऊ-दहा दिवस. बस्स. या क्षणी जगभरच्या हवेत असलेली सगळी वाफ एकदम पावसाने खाली आली, तर जमिनीवर जेमतेम २५ मिलिमीटर पाणी साचेल, एक इंच. आणि ठाण्यात पडतो वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर. म्हणजे शंभरपट. याचा अर्थ, आपल्या डोक्यावर पाण्याची टाकी नाही, सरकता पट्टा आहे. अरबी समुद्रावरून आणि विषुववृत्ताच्या पलीकडून आलेली वाफ सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते, पडते, आणि मागून दुसरी येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो वरती साठलेला नव्हता. पट्टा एकाच जागी रिकामा होत राहिला.

आणि हा पट्टा चालवायला जी ऊर्जा लागते ती बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी ऊर्जा लागते, ०.६८ धरा. शंभर चौरस मीटरच्या छपरावर ठाण्यात वर्षाला अडीच लाख लिटर पाणी पडतं. गुणाकार करा : एक लाख सत्तर हजार युनिट. तुमच्या घरी महिन्याला दोनशे युनिट वीज लागत असेल, तर हे सत्तर वर्षांचं बिल झालं. एका छपराचं, एका पावसाळ्याचं. सूर्याने अजून पाठवलेलं नाही. (हशा)

त्याच छपराचा दुसरा हिशेब. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असं नियोजनाचं माप आहे. पाच माणसांचं घर म्हणजे वर्षाला दोन लाख शेहेचाळीस हजार लिटर. छपरावर पडलं किती? अडीच लाख. म्हणजे पुरतं की! मग अडतं कुठे? एक, आता वीस मजल्यांवर वीस घरं आणि छप्पर एकच. दोन, हे पाणी जवळजवळ सगळं चार महिन्यांत येतं आणि काही तासांत खाडीला मिळतं. येऊरच्या माथ्यापासून बाळकुमच्या खाडीपर्यंत अंतर ते किती! शिवाय खाली काळा कातळ. बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्या अंगात पाणी शिरत नाही. शिरतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. कौटिल्याला जो पाऊस मोजता आला नाही, तोच पाऊस पडणाऱ्या मुलखात वैशाखात बायका हंडे घेऊन फिरतात, त्याचं कारण हे. पाऊस कमी नाही, मुक्काम कमी आहे.

म्हणून कोकणातली जुनी पाणीव्यवस्था बघितली की एकच खटपट दिसते. थांब. जरा थांब. भातखाचराचा बांध ही पहिली थांब. पावसाळाभर वीतभर पाणी शेतात उभं, त्यातलं काही खाली मुरतं. तलाव ही दुसरी. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. आज मोजायला गेलात तर पस्तीसच्या आसपास भरतील, पूर्वी याहून बरेच होते. मासुंदा आपण संध्याकाळी फिरायला ठेवला आहे, पण तलावाचं खरं काम आजूबाजूच्या विहिरींना पाणी देत राहणं हे होतं. बावडी ही तिसरी.

आणि चौथी, जी मला सगळ्यात मोलाची वाटते आणि जिच्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो, ती खारबंदिस्ती. ह्यावर जरा थांबतो.

खारेगाव, खारबाव, मुंबईतलं खार. ही नावं उगाच पडलेली नाहीत. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी जिथवर पसरतं ती खाजण जमीन. तिथे नैसर्गिक असतं तिवरांचं रान आणि चिखल. कोकणातल्या शेतकऱ्याने काय केलं, तर खाडीच्या बाजूने माती-दगडाचा बांध घातला आणि त्यात उघाडी बसवली. उघाडी म्हणजे एक झडप, दार म्हणा. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने ती बंद होते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. ना मोटर, ना माणूस. चंद्र उघडतो, चंद्र बंद करतो.

आता आत काय होतं? पाऊस पडतो, जमिनीतलं मीठ विरघळतं, ते खारट पाणी ओहोटीला बाहेर जातं. असं अनेक पावसाळे धुऊन काढलं की खाजणात भात पिकतं. तरी उन्हाळ्यात मीठ वर येतंच, म्हणून दर मृगात पहिल्या पावसाने जमीन पुन्हा धुवायची आणि मग पेरायचं. काळा रता, भुरा रता अशी खारं सोसणारी भातं इथली. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने त्यावर काम करून नवीन वाण काढले. जलचक्राच्या चित्रात जिथे नुसतं 'नदी समुद्राला मिळते' असं लिहितात, त्या शेवटच्या फर्लांगभरात आपल्या लोकांनी पावसाचं गोडं पाणी चार महिने अडवून धरलं आणि त्यावर पोट भरलं.

आणि पाऊस संपला की? त्याच खाडीच्या काठांवर मिठागरं. तिथे उघडझाप उलटी. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवायचं, उन्हाला द्यायचं, आणि मीठ ओढायचं. आगर पिकवणारे म्हणून आगरी, अशी त्या समाजाच्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. बाळकुम, कोलशेत, कळवा ही आगरी-कोळ्यांची गावठाणं. विचार करा, बाष्पीभवनाच्या धंद्यावरून नाव मिळालेला समाज! १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये मीठ आणि खारजमीन या विषयांना भरपूर जागा दिलेली आहे, कारण सरकारचा महसूल दोन्हीकडून येत होता.

बांधाचं एक आहे. त्याला रोज बघावं लागतं. खेकड्याने भोक पाडलं, दुर्लक्ष झालं, पुढच्या उधाणाला तिथे खांड पडली, की एका रात्रीत खारं पाणी आत आणि पुढची दोन-तीन वर्षं पीक नाही. म्हणून खांड बुजवायला सगळा गाव उतरायचा. माझ्या खाचरापुढचा बांध फुटला तर नुकसान तुझंही, हे गणित सगळ्यांना तोंडपाठ होतं. १९४८ मध्ये मुंबई खारजमीन कायदा आला, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा. बांध सरकारी यंत्रणेकडे आले. हेतू चांगला होता, मोठे बांध पक्के करायला पैसा लागतो. पण माझं मत असं की बांधाबरोबर बांधाची काळजीही कागदावर गेली. खांड दिसली तर गाव फावडं घ्यायचा, आता अर्ज घेतो.

आता इथून जरा घाटावर चढूया. बाळकुमचा घाटाशी काय संबंध, तर पुलाखालच्या उल्हासचा आहे. कोकणातल्या नद्या मे महिन्यात आटतात, पण कल्याण, शहाड, मोहने इथे उल्हासला मे महिन्यात सुद्धा पाणी असतं, त्यावर तिथल्या पाणीयोजना चालतात. हे पाणी कुठलं? त्यातलं बरंचसं टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून आलेलं. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. टाटांनी ते पाणी सह्याद्रीच्या धारेतून पश्चिमेला काढलं, घाटाच्या उतारावरून खाली सोडलं, वीज केली. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. भिऱ्यासाठी मुळशीचं धरण होताना शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, ते आपल्याला माहीत आहे. पण वीज करून झाल्यावर खाली उरलेल्या पाण्याचं काय, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्या डोक्यात नव्हता. ते उल्हासच्या खोऱ्यात वाहत आलं, आणि त्याच्यावर शहरं वसली. म्हणजे पूर्व समुद्राला जायचं पाणी शंभर वर्षं पश्चिमेला येतंय, आणि कल्याणच्या घरात सकाळी नळाला जे येतं त्यात भीमेचा वाटा आहे. पुण्याच्या, सोलापूरच्या बाजूने अधूनमधून मागणी होते, हे पाणी आमचं, परत द्या. तुमच्या जलचक्राच्या चित्रात हा बाण कुठे काढाल?

आणि मग मुंबई. विहार १८६०, तुळशी १८७९, हे साष्टीतच. पण शहराची तहान साष्टीत मावेना, म्हणून १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातलं तानसा धरण. पुढे मोडकसागर १९५७, मग अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. आज मुंबई रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी घेते, त्यातलं बहुतेक सगळं ह्या डोंगराळ पट्ट्यातून. तिथे पडलेल्या पावसाला वर्षभर मुक्काम मिळाला, खरं आहे. पण कोणासाठी? शहापूरच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतात. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण तिथे रोजची आहे. आता त्या गावांना इगतपुरीच्या भावली धरणातून पाणी आणायची योजना आहे. भावली कुठल्या खोऱ्यात? गोदावरीच्या. म्हणजे शहापूरचा पाऊस मुंबईला, आणि शहापूरला गोदावरीचा. इंजिनिअर म्हणून मला त्याचं कौतुक करता येईल, इतिहास शिकवणारा म्हणून मी नुसता बघत राहतो.

हे पाणी मुंबईला जाताना आपल्या शेजारून जातं म्हटलं ना. वरून नळ आहेत, आणि खालून बोगदा. भिवंडीच्या बाजूचं गुंदवली, तिथून कापूरबावडी, तिथून भांडुप संकुल. साधारण पंधरा किलोमीटर लांब, साडेपाच मीटर व्यासाचा, जमिनीखाली सुमारे शंभर मीटर. उल्हासच्याही खालून. २०२२ च्या शेवटी ठाण्यात एका बांधकामाच्या ठिकाणी बोअरवेल मारताना तो बोगदाच फोडला गेला. बोअरला पाणी लागलं! (मोठा हशा) हसू नका, त्याच्या दुरुस्तीसाठी २०२३ च्या मार्चअखेरीपासून महिनाभर मुंबईत १५ टक्के पाणीकपात झाली. पण मला त्यात दुसरंच दिसलं. त्या जागी शंभर मीटर खाली कोणी बोअर का मारतं? कारण वरच्या वीस-तीस फुटांत विहिरीला जे पाणी लागायचं ते आता लागत नाही.

का लागत नाही, तर पुन्हा बाळकुमला या. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली, आसपासची गावं शहरात आली. भाताची खाचरं गेली, त्यांच्यावर भराव, भरावावर काँक्रीट, आता तिसाव्या मजल्यापर्यंत घरं. लोकांना घर हवं, मी त्याच्या विरुद्ध बोलत नाही, मी स्वतः अशाच इमारतीत राहतो. पण हिशेब बदलला. खाचरात पडलेला पाऊस मुरायला आठवडे घेत होता, फरशीवरचा पाऊस गटारात जायला मिनिटं घेतो. भूजलाचा मुक्काम गेला. आणि भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले, की नाल्याचं तोंड खाडीने बंद केलेलं, मागून येऊरचं पाणी येतंच आहे, मग ते रस्त्यावर राहतं. पूर्वी हेच पाणी तेवढे सहा तास बांधाच्या आत खाजणात थांबायचं. ओहोटी आली की उघाडीतून जायचं. खाजण ही पाण्याची प्रतीक्षा करायची खोली होती, आपण ती भाड्याने दिली.

आता बाळकुम ते गायमुख खाडीकिनारी रस्ता होतोय, एमएमआरडीए करते आहे. घोडबंदर रोडवर रोज अडकणाऱ्या माणसाला तो हवाच आहे, मलाही. पण खाडीच्या काठाने जाणारा रस्ता म्हणजे जुन्या भाषेत बांध. जिथे तो खांबांवर असेल तिथे पाणी खालून जाईल, जिथे भरावावर असेल तिथे अडेल. जुन्या बांधाला उघाडी किती आणि कुठे हे गावातलं पोरही सांगायचं. ह्या बांधाच्या उघाड्या नकाशात कुठे आहेत, हा एकच प्रश्न मी नागरिकांच्या सभेत विचारेन.

वेळ होत आला. एक-दोन प्रश्न घेऊ.

(प्रश्न : खाडीचं पाणी गोडं करून वापरता येणार नाही का?)

येतं. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प मुंबई महापालिकेने ठरवलेला आहे. ती पद्धत वाफेची नाही, बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळायचं, त्यामुळे हजार लिटरला तीन-चार युनिटमध्ये काम होतं. सूर्याला त्याच हजार लिटरला ६८० युनिट लागतात. फरक एवढाच की सूर्य ते पाणी नुसतं गोडं करत नाही, उचलून डोंगरावर ठेवतो, आणि पैसे घेत नाही. समुद्राच्या पाण्याला हे ठीक आहे. खाडीच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी, ते आधी साफ करण्यातच खर्च वाढेल.

(प्रश्न : आमच्या सोसायटीची बोअर खाडीपासून जवळ आहे. तीन-चार वर्षांत पाणी मचूळ लागायला लागलंय. पावसाचा आणि ह्याचा काही संबंध?)

सरळ संबंध आहे, ताई. जमिनीखाली गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. शंभरेक वर्षांपूर्वी हॉलंड-जर्मनीकडच्या दोन इंजिनिअरांनी याचं गणित मांडलं. गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, की खालचं खारं पाणी साधारण चाळीस फूट वर सरकतं. वाळूच्या जमिनीत हे गणित नीट बसतं. आपल्या कातळात भेगा खाडीकडे उघडत असतील तिथेच लागू होतं. तुमच्याकडे तसं झालेलं दिसतंय. उपसा वाढला असेल, आणि वरून भरणारं पाणी कमी झालं असेल. एक करा. त्या पाण्यातले क्षार मे महिन्याच्या शेवटी एकदा तपासा आणि ऑगस्टच्या शेवटी एकदा. फार खर्च नाही, छोटं मीटर मिळतं. ऑगस्टला आकडा चांगला खाली आला, तर पाऊस अजून तुमच्या बोअरपर्यंत पोहोचतोय, छपराचं पाणी गाळून शोषखड्ड्यात सोडलंत तर उपयोग होईल. दोन्ही आकडे सारखेच आले, तर ती बोअर आता खाडीची झाली, तिच्यावर मोटर चालवणं थांबवा.